चार मशिनींचा लॅपटॉप

दर्शना राऊळ घाबरट आहे, हे काळाचौकीतल्या त्यांच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. ते लपवावं असं तिलाही कधी वाटलं नाही. झोपण्याआधी गॅसचा कॉक ती दोनदा बघायची आणि अंथरुणावर पडल्यावर उठून तिसऱ्यांदा बघायची. कुरियरवाल्याने गॅलरीतून "दर्शना राऊळ कोण?" अशी हाक मारली तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं. बँकेत सही करताना हात थरथरायचा, थरथरला की सही जुळायची नाही, आणि जुळली नाही की कारकून मान वर करून बघायचा. त्या बघण्याने तिला पुढचा आठवडाभर झोप लागायची नाही.

वय त्रेचाळीस. लग्न केलं नाही. आई शेवंती करोनाच्या आदल्या वर्षी गेली, तेव्हापासून घरात ती आणि वडील गुणाजी, दोघंच. गुणाजींची अठ्ठ्याहत्तरी आलेली. गिरणीत फिटर होते, संपानंतर अर्धवट सुरू झालेल्या गिरणीतही काही वर्षं टिकले होते. बोलणं कमी. घरात मराठी बोलायचे, पण मनातलं काही आलं की मालवणीवर यायचे.

दर्शनाच्या भीतीला एक जागा होती, आणि ती तिला नेमकी माहीत होती. ती सहा वर्षांची असताना एका दुपारी दोन पोलीस चाळीचा जिना चढून आले होते. गिरणीच्या गोदामातून पितळेचे बेअरिंग चोरीला गेले होते. गुणाजी जेवत होते. पोलीस दिसताच ते ताटावरून उठले आणि गॅलरीतून मागच्या जिन्याकडे धावले. खाली तिसराही पोलीस उभा होता, त्याने धरलं. तीन दिवसांनी ते परत आले. गुन्हा शाबीत झाला नाही. पण त्या तीन दिवसांत काय झालं, यावर घरात कुणी कधी शब्द काढला नाही. दर्शनाने मात्र तेव्हापासून एक खूणगाठ बांधली होती, की माणसाने काही केलेलं नसलं तरी जिन्यावर पावलं वाजू शकतात.

नोकरीत या भीतीचा तिला फायदाच झाला. परळच्या एका खासगी तपासणी केंद्रात ती एकोणीस वर्षं टायपिस्ट होती. डॉक्टर एक्स-रे आणि सोनोग्राफी बघून जे बोलतात ते रेकॉर्ड होतं, आणि टायपिस्टने कानाला हेडफोन लावून त्याचा रिपोर्ट करायचा. "गाठ नाही" मधला "नाही" गळला तर एका माणसाचं काय होईल, या विचाराने ती प्रत्येक रेकॉर्डिंग तीनदा ऐकायची. इतर मुली तेवढ्या वेळात दीडपट काम करायच्या. पण एकोणीस वर्षांत तिच्या रिपोर्टात चूक निघाली नव्हती.

मग एक दिवस नोटीस लागली. टायपिंगची खोली नव्या मशीनसाठी लागणार होती. दीड महिन्याने येणाऱ्या एक तारखेपासून सगळ्यांनी घरून काम करायचं, स्वतःच्या लॅपटॉपवर. लॅपटॉप कसा हवा, किती मेमरीचा, तेही खाली लिहिलं होतं. ज्यांना जमणार नाही त्यांनी कळवावं, एवढंच शेवटचं वाक्य. कळवलं तर पुढे काय, ते लिहिलं नव्हतं, आणि न लिहिलेल्या गोष्टीचाच दर्शनाला जास्त धसका.

तिच्याकडे बाजूला ठेवलेले पंधरा हजार होते. नवा लॅपटॉप त्याच्या तिप्पट. दादरच्या एका शोरूममध्ये हप्त्यांबद्दल विचारायला ती गेली, पण मुलाने चार सह्यांचा कागद पुढे करताच "बाबांना विचारून येते" म्हणून बाहेर पडली.

लालबागला एका इमारतीच्या जिन्याखाली रामदास म्हणून एकाचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक काचेचं कपाट आणि अर्धं शटर. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर, बोटांना कायम कसल्यातरी गोंदाचा वास. जुना लॅपटॉप केवढ्याला, असं दर्शनाने विचारलं.

"चांगला पीस पंचवीसच्या खाली नाही ताई. पंधरात देईन तो सहा महिन्यांत रडेल, आणि तुम्ही माझ्या नावाने रडाल."

ती वळणार तेवढ्यात तो म्हणाला, "वेळ असेल तर जोडून घ्या ना. हे एक मॉडेल बघा, ऑफिसांत हजारांनी होतं. कुणाची बॉडी चांगली, कुणाची स्क्रीन, कुणाचा बोर्ड. सुटे पार्ट घेतले तर चौदात बसेल. जोडायची मजुरी मी लावली तर मग परवडणार नाही. तुम्हीच जोडा. मी सांगतो कसं ते."

"मी? अहो, मला मिक्सरचं झाकण लावताना भीती वाटते."

"मग बरंय. घाबरणारा माणूस पेच जोरात पिळत नाही."

घरी येऊन तिने हे थट्टेवारी सांगितलं. गुणाजींनी मात्र ते गांभीर्याने घेतलं. "पेच फिरवूचे आसत मां? मगे भियाचा काय त्येत? काढलेलो पेच खंय ठेवतलंस, ता आधी ठरय. बाकीचा आपोआप जमता."

तीन आठवडे ती पार्ट गोळा करत होती. बॉडी आणि कीबोर्ड मिळाला दादरच्या एका कॉलेजातल्या मुलीकडे, तिच्या लॅपटॉपवर चहा सांडून आतला बोर्ड जळला होता. स्क्रीन आली बिजागरी तुटलेल्या दुसऱ्या मशीनमधून. पंखा आणि मेमरी तिसऱ्यातून. आणि सगळ्यात महत्त्वाचा तो बोर्ड, ज्याच्यावर सगळं उभं राहायचं, तो रामदासने स्वतःच्या कपाटातून काढून दिला. "भंगारवाल्याकडून लॉट घेतला होता, त्यातला हा एकच जिवंत निघाला," तो म्हणाला. बॅटरी आणि डिस्क मात्र त्याने नवी घ्यायला लावली. बॅटरी हातात देताना तो चष्मा डोळ्यांवर आणून म्हणाला, "हिला टोक लागू द्यायचं नाही. वाकवायची नाही. फुगली तर हात लावायचा नाही, मला फोन करायचा."

झालं. ती बॅटरी घरात आली त्या दिवसापासून दर्शनाच्या डोळ्याला डोळा लागेना. दहा बाय बाराची खोली, वर लाकडी माळा, शेजारी भिंतीला भिंत लागून सोळा बिऱ्हाडं. बॅटरी तिने स्टीलच्या डब्यात ठेवली, डबा मोरीत ठेवला, आणि समोर चाललेल्या बांधकामावरून रेती मागून एक बादली भरून दारामागे ठेवली. शेजारणींनी विचारलं तर काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं. तुळशीला हवी म्हणून. त्यांच्याकडे तुळस नव्हती.

जोडणी झाली रविवारी दुपारी, जमिनीवर चादर अंथरून. पेच ठेवायला तिने मसाल्याचा डबा रिकामा केला. सात वाट्या, प्रत्येक वाटीत एकेका भागाचे पेच, आणि कागदावर वाटीचा नंबर. गुणाजी मोतीबिंदूमुळे जवळचं नीट बघू शकत नव्हते, पण टॉर्च धरून बसले. स्क्रीनची केबल केसासारखी बारीक, ती बसवताना दर्शनाच्या कपाळावरून घाम बोर्डावर पडेल म्हणून गुणाजींनी दुसऱ्या हाताने पदरासारखा टॉवेल धरला. कुठेतरी कट् असा आवाज झाला आणि ती हात मागे घेऊन पाच मिनिटं नुसती बसून राहिली. काही तुटलं नव्हतं. जागेवर बसल्याचाच आवाज होता तो.

बॅटरी सर्वात शेवटी. ती लावताना तिने बाबांना गॅलरीत जायला सांगितलं. ते गेले नाहीत.

बटण दाबलं तर काहीच नाही. मग पंखा घरघरला. मग काळी स्क्रीन किंचित उजळली आणि अक्षरं आली. दर्शना रडली. आनंदाने नाही, आतापर्यंत धरून ठेवलेला श्वास सुटला म्हणून.

रामदासने दिलेल्या पेनड्राइव्हवरून तिने विंडोज टाकलं. इंटरनेट मात्र दोन दिवस लावलंच नाही. आत काय काय शिरेल कोण जाणे. कॅमेऱ्याच्या बारक्या भिंगावर तिने टिकली चिकटवली. मंगळवारी संध्याकाळी, तारखेला अकरा दिवस उरले असताना, मोबाइलचं नेट जोडून तिने तपासणी केंद्राचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. सरावाचा एक रिपोर्टही टाइप केला. वीस-पंचवीस मिनिटं सगळं सुरळीत चाललं.

मग स्क्रीन आपोआप काळी झाली, आणि मध्यभागी पांढरी अक्षरं उमटली. इंग्रजीत होती, पण टाइप करण्यात हयात गेलेल्या बाईला ती वाचायला वेळ लागला नाही. हे यंत्र अमुक कंपनीच्या मालकीचं असून हरवलेलं अथवा चोरीला गेलेलं म्हणून नोंदवलेलं आहे. ते बंद करण्यात आलं आहे. ताबडतोब पुढील क्रमांकावर संपर्क साधा. खाली फोन नंबर आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ.

तिने झाकण बंद केलं, उघडलं. अक्षरं तिथेच होती. बटण दाबून धरलं, मशीन बंद झालं, पुन्हा लावलं, पुन्हा तीच अक्षरं. आपण जिथे बसलोय ते त्यांना कळलं असेल. नेट आपल्या मोबाइलचं होतं, मोबाइल आपल्या नावावर आहे, आधार कार्डाला जोडलेला आहे. तिने मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून घेतला, मग मशीन उलटं केलं, तळाचं झाकण काढून बॅटरी सोडवली, सगळं आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं.

पुढचे दोन दिवस तिचे कसे गेले ते तिलाच माहीत. गॅलरीत चपलांचा आवाज आला की ती मोरीत जाऊन उभी राहायची. कामावर हेडफोनमध्ये डॉक्टर काय बोलतात ते कळेना, एकेक रेकॉर्डिंग ती सात-सातदा ऐकू लागली. अनोळखी नंबरचा फोन वाजला, तो कुणीतरी पॉलिसी विकत होता, तरी तिने दिवसभर मोबाइल बंद ठेवला. बोर्ड समुद्रात टाकावा, असं एकदा मनात आलं. मग वाटलं, टाकताना कुणी बघितलं तर?

गुरुवारी संध्याकाळी गुणाजींनी तिच्यापुढचं ताट सरकवलं. "दोन दिस तू जेवूक नाय. काय झाला ता सांग."

तिने सांगितलं. सगळं, अगदी टिकलीपर्यंत. आपला बाप ऐकून घाबरेल, त्याला ते जुने दिवस आठवतील, या भीतीने तिने आतापर्यंत तोंड उघडलं नव्हतं.

"चोरी मी केलंय नाय तेव्हा," गुणाजी म्हणाले. "तुका म्हायत आसा. पण पोलीस इले तसो मी पळालंय. कित्याक पळालंय? भियालंय म्हणान. पळणाऱ्याक कोण सोडता? बसान ऱ्हवलंय असतंय तर तासाभरात सोडल्यानी असते."

सदतीस वर्षांत पहिल्यांदा बाबा त्यावर बोलत होते.

"तिसऱ्या दिसा माका इचारल्यानी, तू नाय तर मगे कोण? माका घराक येवचा होता बाय. मी चिंतामणीचा नाव घेतलंय."

चिंतामणी म्हणजे त्यांच्याच गावचा, त्यांच्याच खात्यातला दुसरा फिटर. दर्शनाला तो अंधुक आठवत होता, चाळीत यायचा, तिला खांद्यावर घ्यायचा.

"त्यांना चोरताना बघितलं होतं तुम्ही?"

"नाय."

दर्शनाने त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं.

"तेच्यावर पण काय शाबीत झाला नाय. पण नोकरी गेली तेची. गावाक गेलो. मगे मी तेचा तोंड बघूक नाय." गुणाजींनी ताट पुन्हा तिच्याकडे सरकवलं. "पळा नको. आणि कोणाचा नाव तेच्या पाठी घेव नको. आता तू ठरय."

शुक्रवारी सकाळी ती लालबागला गेली. रामदास एका लॅपटॉपची बिजागरी बसवत होता. तिने मोबाइलमध्ये काढलेला त्या स्क्रीनचा फोटो पुढे धरला. त्याने तो वाचला. उठून त्याने अर्धं शटर पाऊण केलं.

"ताई, बोर्ड मला परत द्या. मी दुसरा देतो. जुना आहे, थोडा हळू चालेल, पण देतो. हा मी आजच फोडून टाकतो. विषय संपला."

"चोरीचा आहे का दादा?"

"मला काय माहीत? शंभर बोर्डांचा लॉट येतो किलोवर. मी काय प्रत्येकाला तुझं गाव कुठलं विचारू?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी एका मोबाइलपायी माझं पूर्ण दुकान पंचनाम्यात गेलं होतं. गिऱ्हाइकांचे लॅपटॉपसुद्धा. आठ महिने लागले सोडवायला. मुलगी बारावीला आहे माझी. पुन्हा नाही झेपणार."

त्याची भीती तिला ओळखीची वाटली. तिच्या घरातलीच वाटली. नवा बोर्ड घ्यावा, गप्प बसावं, तारीख गाठावी, हे किती सोपं होतं. पण त्या रात्रीपासून पुढच्या प्रत्येक रात्री जिन्यावरची पावलं ती ऐकत राहील, हेही तिला तितकंच स्पष्ट दिसत होतं. मोबाइलचं नेट तर एकदा लागून गेलं होतं.

"मी त्या नंबरवर फोन करणार आहे," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक निघाला की रामदासला पुन्हा विचारावं लागलं. "तुमच्यासमोर करते. तुमच्या मागे तुमचं नाव मी घेणार नाही. पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही. तुम्ही स्वतः चला माझ्याबरोबर."

"मी नाही येणार," रामदास म्हणाला.

तिने फोन लावला. चार मिनिटं संगीत वाजलं. मग एक बाई बोलली, मृणालिनी नाव, कंपनीच्या कॉम्प्युटर विभागाची. तिने ती आकड्यांची ओळ वाचून दाखवायला सांगितली, मग बराच वेळ कळफलकाचा आवाज. "हे मशीन दोन वर्षांपूर्वी हरवलंय असं आमच्याकडे लिहिलंय. तुम्ही सोमवारी अकरा वाजता घेऊन या. लोअर परळला आमचं ऑफिस आहे." फोन ठेवला तेव्हा रामदास तिच्याकडे नाही, शटरच्या फटीकडे बघत होता.

सोमवारी ती एकटीच गेली. काचेची उंच इमारत, खाली पहारेकरी आणि वही. आत नेताय त्या लॅपटॉपचा नंबर लिहा, असं पहारेकरी म्हणाला. तिने मशीन उलटं केलं. तळाला एक नंबर होता, तो कॉलेजातल्या मुलीच्या बॉडीचा. आतल्या बोर्डाचा वेगळा. तिने दोन्ही लिहिले.

"एकच लिहायचा मॅडम. एका लॅपटॉपला एकच नंबर असतो."

"ह्याला दोन आहेत," ती म्हणाली, आणि चोरी अशी पहिल्याच दारात उघडी पडली, असं तिला वाटलं. पहारेकऱ्याने मागच्या रांगेकडे बघून तिला आत सोडलं.

अकराव्या मजल्यावरच्या एका बिनखिडकीच्या खोलीत मृणालिनी होती, तिशीची, साधी, गळ्यात ओळखपत्र. शेजारी सुरक्षा विभागाचे एक गृहस्थ, हाताची घडी घातलेले. त्यांनी मशीन लावलं, आकडे जुळवले. बोर्ड त्यांचाच होता.

"कुठून घेतला?" गृहस्थांनी विचारलं.

"विकत घेतला. दुरुस्तीच्या दुकानातून."

"दुकानाचं नाव?"

तिने मोबाइल काढला. "त्यांना एक फोन करू द्या." तिने तीनदा फोन लावला. रामदासने उचलला नाही.

"नाव सांगत नसाल तर आम्हाला पोलिसांत द्यावं लागेल," ते गृहस्थ शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दार तिच्या पाठीमागे चार पावलांवर होतं. त्याच्यापुढे लिफ्ट. तिचे पाय खरोखरच उठायला निघाले, हे तिला गुडघ्यांत कळलं. बाप ताटावरून कसा उठला असेल, तेही कळलं. तिने दोन्ही हातांनी खुर्चीची दांडी धरली.

"मी काळाचौकीला राहते," ती म्हणाली. "हे माझं आधार कार्ड, ही झेरॉक्स. मशीन ठेवून घ्या. दुकानाचं नाव आज सांगणार नाही. तो माणूस स्वतः येऊन सांगेल. उद्या संध्याकाळपर्यंत नाही आला तर मी येईन आणि मी सांगेन. पण त्याला विचारल्याशिवाय नाही."

गृहस्थांनी मृणालिनीकडे बघितलं. मृणालिनी दर्शनाच्या हातांकडे बघत होती, ते खुर्चीसकट थरथरत होते.

"उद्या पाच," मृणालिनी म्हणाली.

दर्शना उठली, आणि मग तिच्या तोंडून जे निघालं त्याचं तिला पुढे कित्येक दिवस नवल वाटलं. "मशीन ठेवून घेताय, तर मला पावती द्या." मृणालिनीने कोऱ्या कागदावर लिहून, शिक्का मारून दिली. खाली उतरताच तिने रामदासला मेसेज टाकला: नाव घेतलं नाही, उद्या पाचची मुदत आहे.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि सकाळी दहालाच लालबाग गाठलं. शटर पूर्ण खाली. फोन बंद. बारा वाजले, एक वाजला. जिन्याच्या पायरीवर बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय बघत राहिली. हा पळाला, तिच्या मनात आलं. आता पाचला आपल्याला नाव घ्यावं लागणार, आणि सोळा बिऱ्हाडांना नाही तरी बाबांना ते कळणार. जागेवरून मात्र उठवेना. उठली असती तर परळच्या बाजूला न जाता भलतीकडेच गेली असती, असं तिला वाटत होतं.

साडेतीनला रामदास आला. घामाघूम, शर्टाच्या आत प्लास्टिकची पिशवी.

"कुर्ल्याला गेलो होतो," तो म्हणाला. "भंगारवाल्याकडे. चार तास बसवून ठेवला. त्याच्याकडे लॉटचा कागद असतो, तो मागितला तर मलाच म्हणाला, पोलिसाला घेऊन आलास का. फोन तिथेच बंद पडला." पिशवीत एक कागद होता, लिलावाचा, कंपनीचा शिक्का असलेला. "खरा आहे का खोटा, मला माहीत नाही ताई. पण हाच आहे."

टॅक्सीत रामदास सारखा कागद आहे ना बघत होता. लिफ्टमध्ये तो म्हणाला, "तुम्ही आधी जा." ती गेली.

कागद खरा होता. मृणालिनीने यादी काढून पुन्हा पुन्हा ताडून पाहिली, कुणाला तरी दोन फोन केले, आणि अर्ध्या तासाने खुर्चीत मागे टेकली. कंपनीनेच दोन वर्षांपूर्वी जुन्या मशिनींचा लॉट लिलावात विकला होता. त्याच सुमारास नोकरी सोडून गेलेल्या एकाचा लॅपटॉप कपाटात पडून होता. इकडे तो सापडत नाही म्हणून हरवल्याची नोंद झाली, तिकडे कुणीतरी तो उचलून त्याच लॉटमध्ये घातला. चोरी झालीच नव्हती. सुरक्षेचे गृहस्थ उठून बाहेर गेले. मृणालिनीने मात्र दोघांची माफी मागितली, चहा मागवला. रामदासने तो घेतला नाही, कागदाची घडी घालून ती पुन्हा पिशवीत ठेवली.

मशीनवरचं कुलूप निघायला वेळ लागला, कारण ते कंपनीच्या बंगळूरच्या ऑफिसातून निघायचं होतं. मशीन हातात आलं तीन तारखेला. दोन दिवस दर्शना बिनलॅपटॉपची होती, आणि केंद्रातल्या मॅनेजर बाईंना तसं सांगायला तिला फोन चारदा हातात घेऊन चारदा ठेवावा लागला. बाई कुरकुरल्या, मग म्हणाल्या, "तुझ्या जागी दुसरी कोण तीनदा ऐकणार आहे? कर तीनपासून सुरू."

कागद मिळाला त्याच संध्याकाळी तिने गुणाजींना सगळं सांगितलं होतं. त्यांनी एकच विचारलं, "नाव तू घेतलंस?"

"नाही. तेच आले."

गुणाजींनी मान हलवली आणि उरलेला भात संपवला. चार दिवसांनी ते काठी टेकत गावच्या मंडळाच्या ऑफिसात जाऊन आले. चिंतामणीचं कुणी गावी आहे का, विचारायला. चिंतामणी नऊ वर्षांपूर्वी वारला होता. मुलगा कणकवलीला रिक्षा चालवतो, त्याचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून मिळाला. ती चिठ्ठी अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आहे. फोन त्यांनी केलेला नाही. दर्शना विचारत नाही.

तिची भीती गेली, असं म्हणता येणार नाही. बॅटरी सेव्ह करायला स्क्रीन आपोआप काळी होते ना, तेव्हा दर वेळी तिच्या काळजाचा ठोका चुकतो. पण काम चाललंय. परवा तिच्याबरोबर टाइप करणारी रुपाली आपला मोडका लॅपटॉप आणि एका ओळखीच्या माणसाकडून स्वस्तात मिळालेला बोर्ड घेऊन आली. "तूच जोडून दे ना गं, मला नाही जमत," म्हणाली. दर्शनाने बोर्डाला हात लावला नाही. दोन्ही हात मांडीखाली घेऊन तिने आधी विचारलं, "ह्याचा कागद आहे का तुझ्याकडे?"

कागद नव्हता. रुपाली तो आणायला गेली आहे.